ताईंच्या वॉकरचा रंग

माझ्या नणंदेच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भावजींचा, या जगातल्या कुठल्याही रंगावर विश्वास नाही. देवावर आहे, नळाला सकाळी पाणी येईल यावरसुद्धा आहे, पण धातूवर मारलेला रंग धातूला धरून राहील हे मानायला ते तयार नाहीत. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य पत्र्याचे भाग रंगवण्यात घालवलं आणि निवृत्त होताना हा संशय तेवढा घरी आणला. खिशात एक वेळ रुमाल नसेल, चिकटपट्टी असतेच. रंगवलेलं काही दिसलं की पट्टी लावायची, अंगठ्याने दाबायची आणि सर्रकन ओढायची. मग तिला चिकटलेला रंग समोरच्याला दाखवायचा, डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा. लासलगावला एका लग्नात मुलीच्या बापाने अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली हार घालून उभी केली होती. भावजींनी तिला पट्टी लावली. "पाव्हणं, लय भारी रंग हाय तो, दोनच दिस झाले मारून," तो कौतुकाने म्हणाला. तळहाताएवढा पोपडा निघाला. "गंजावरच मारलाय," भावजी म्हणाले, घरात कोणी गेल्यासारखे. त्या लग्नात आम्हाला दुसऱ्यांदा जिलबी कोणी वाढली नाही.

दुसऱ्यांचे रंग असे उपटणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराचं गेट आठ वर्षं नुसतं लोखंड आहे. कारण त्यांच्या मते रंग मारणं हे शेवटचं आणि सगळ्यात फालतू काम. आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग थिनरने पुसायचं, मग वरून तांब्याने पाणी ओतायचं. पाण्याचे थेंब झाले तर कुठेतरी तेल आहे, पुन्हा पहिल्यापासून. पाणी चादरीसारखं सलग पसरलं, तरच धातू स्वच्छ. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही, रबरी मोजे घालायचे, कारण माणसाच्या हाताला तेल असतं. मग प्रायमर, आणि मग स्प्रेचा डबा घड्याळ लावून दोन मिनिटं खडखडवायचा. इतकं होईपर्यंत हवेत ओल आलेली असते. की गेट पुन्हा गंजायला मोकळं.

माझे मिस्टर गेल्यापासून त्या घरातली भांडणं मिटवायला मीच जाते. गेल्या हिवाळ्यात ताईंच्या, म्हणजे नणंदेच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज वॉकर धरून चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग तो कायमचाच. दोन दिवस चालल्यावर ताई सहज म्हणाल्या, "याने तळहात काळे होतात हो." मी साबण दिला असता. तिसऱ्या दिवशी गेले, तर वॉकर गच्चीत चार तुकड्यांत होता आणि ताई पलंगावर.

"भावजी, हे काय?"

"अ‍ॅल्युमिनियम आहे, वहिनी. नुसतंच उघडं. त्याला साधा प्रायमर धरत नाही, वेगळा लागतो. दोन दिवसांत देतो."

"दोन दिवस नकोत. आत्ता जोडा."

"घासून झालंय. आता जोडला तर हिचे हात आणखी काळे होतील."

मी औषधाच्या दुकानातून भाड्याचा वॉकर आणला, रंगवलेला लोखंडी. दुसऱ्या दिवशी भावजींनी मला पट्टी दाखवली. तिला निळे कण होते. "हे हिच्या हाताला लागणार आणि त्या हाताने ही जेवणार," ते म्हणाले. गच्चीत वर्तमानपत्रांवर आता दोन वॉकर, आठ तुकडे. भावजी मोजे घालून पाणी ओतत होते, "अजून थेंब होतायत" म्हणत होते, आणि खाली एका बाईला मोरीपर्यंत न्यायला दोन माणसं लागत होती. मी गच्चीच्या पायरीवर बसले. काय करावं ते सुचेना. मला सहसा सुचतं.

नवव्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी गुडघा वाकवून पाहिला. "मावशी, आखडायला लागलाय हा." ताईंनी पाय पलंगावरून खाली सोडले. मग गच्चीच्या दिशेने हाक मारली, "अहो, खाली या. मला उभं करा."

भावजी आले ते मोज्यांसकट. "हात स्वच्छ आहेत," म्हणाले.

"काढा ते. मी काही तुमचा पत्रा नाही."

त्यांनी मोजे काढले. ताईंनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले, त्यांनी ताईंच्या कमरेला धरलं, आणि ते मागे मागे, ताई पुढे पुढे, अशी वरात हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेली. "एक थर झाला," भावजी म्हणाले. "आता दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा." मी घाई केली तर मलाच समजावत, "पातळ थर, वहिनी. जाड मारला की ओघळतो." रोज सकाळ-संध्याकाळ हेच. ज्या चिकाटीने मला वेड लागायची पाळी आली होती, तीच चिकाटी. दीड महिन्यात ताई एकट्या चालायला लागल्या.

वॉकर त्याच सुमारास तयार झाले, दोन्ही आकाशी. भाड्याचा परत केला तेव्हा दुकानदाराने ओळखला नाही. ताईंच्या वॉकरवर भावजींनी माझ्यासमोर तीनदा पट्टी ओढली. काही आलं नाही. आनंद व्हायला हवा होता; ते कोऱ्या पट्टीकडे बघत नुसते उभे राहिले. तो वॉकर कोणाचाही हात न लागता गच्चीच्या खोलीत टांगलेला आहे.

आता माझा उजवा गुडघा जिने चढताना कुरकुरतो. आमच्या घरात माझ्यापुढे मागे मागे चालणारं कोणी नाही, तेव्हा मला वॉकरच लागणार. परवा ताईंच्या गच्चीत कुरडया वाळत घालायला गेले, तेव्हा भावजींना तसं सांगून ठेवलं.

"महिनाभर आधी सांगा," ते म्हणाले. "तुमच्या उंचीला पाय कापावे लागतील. कापलेल्या टोकांना परत प्रायमर."

"सांगेन," मी म्हटलं आणि जिन्याकडे निघाले. भावजी माझ्या पुढे झाले आणि माझ्याकडे तोंड करून, एकेक पायरी, मागे मागे उतरायला लागले.

"भावजी, पडाल."

"सवय झालीये," ते म्हणाले. "तुम्ही या सावकाश."