कोरडं फडकं

दर तीन महिन्यांनी मी गाडीला वॅक्स लावते. ते नुसतं रंग टिकावा म्हणून नाही, हे आधीच सांगून टाकते. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका माणसानं ते बघावं, म्हणूनही लावते.

हा माणूस खडोलीच्या एका तार कारखान्यात मॅनेजर होता आणि माझे आबा तिथे हेल्पर. संध्याकाळी कारखाना सुटायच्या आधी साहेबांची गाडी पुसायची, हे कामही आबांच्याच गळ्यात. दिवसभरात गाडीवर धूळ बसायची, तिच्यात धातूची बारीक कणी. आबा म्हणायचे, "साहेब, आधी पाणी मारू द्या." साहेबांचं उत्तर ठरलेलं, "वेळ नाही. कोरडं फडकं मार."

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेलं पहिलं माणूस मी. बघते तर आबा मान खाली घालून उभे, आणि साहेब बॉनेटवरचे ओरखडे दाखवतायत.

"हात आहेत की पॉलिश पेपर? सगळी गाडी खरवडलीस! पुन्हा हात लावायचा नाही."

वॉचमनसुद्धा हसला. मी पेढ्यांचा खोका उघडलाच नाही.

पुढे मी एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले, डोकमर्डीत फ्लॅट घेतला, गडद निळी गाडी घेतली. समोर हेच साहेब, रिटायर झालेले. मला ओळखलं नाही. आबा गुडघ्यांमुळे खाली फारसे उतरत नाहीत, त्यामुळे साहेबांच्या समोरासमोर कधी आले नाहीत. पण वॅक्सच्या दिवशी आबा उतरतातच. मागच्या रविवारीही उतरले. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू, मग गाडी सावलीत घेऊन कोरडी करायची. वॅक्सचा हात अगदी पातळ. पांढुरकं झालं की मऊ कापडानं काढायचं. शेवटी आबा उघडा तळवा बॉनेटवरून फिरवतात. कुठे कण लागला, तर तेवढा भाग पुन्हा.

आबा चहाला वर गेले आणि साहेब आले. त्यांची काळी गाडी शेजारीच होती. उन्हात तिच्यावर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे ओरखडे चमकत होते.

"मॅडम, काय लावता हो तुम्ही? आमची बघा. तीन पोरं बदलली पुसायला, सगळी सारखीच. तुमचा माणूस पाठवाल का?"

"माझा माणूस तुमच्या गाडीला हात लावणार नाही. तुम्हीच बंदी घातलीय."

"मी? कधी?"

"खडोलीला, गेटवर. पॉलिश पेपर म्हणाला होतात त्या हातांना. माझे वडील ते."

त्यांनी माझ्या बॉनेटकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "अहो, त्याला किती वर्षं झाली..." एवढंच म्हणाले.

"वर आहेत ते. चहा घेतायत. बोलायचं असेल तर या."

आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून फडफड ऐकू आली. चौथा पोरगा कोरडं फडकं मारत होता आणि साहेब शेजारी उभे राहून "लवकर, लवकर" करत होते. आबा बाल्कनीत माझ्या शेजारी होते.

"सांगी दे ना माय त्याले, आधी पानी मार म्हनीसन."

"तुम्ही सांगितलं होतं ना, आबा? रोज सांगितलं होतं."

 मी काही सांगितलं नाही. तीन जिने चढून साहेब आबांसमोर येऊन उभे राहिले, तर सांगेन. तोवर खरवडू दे.