पोटच्या पोराला जावई करणारी

माझी सासू स्वतःच्या मुलाला जावईबापू म्हणायची. थट्टेत नव्हे. "जावईबापू, पाणी घ्या," "जावईबापू, कधी निघणार?" असं, चारचौघांत, चेहरा सरळ ठेवून. नवीन माणूस ऐकायचा आणि माझ्याकडे बघायचा, की म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना. होतं. आमच्या पडेगावात तेवढं ठिकाणावरचं डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

तिचं नाव सुभद्रा. मी तिला आत्याबाई म्हणायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिने म्हशी पाळल्या आणि शहरात औरंगपुऱ्यातल्या हॉटेलांना दूध घालून घर उभं केलं. काळी, उंच, आवाज जाड. दुधात पाणी घालत नसे आणि बोलण्यातही घालत नसे.

माझा नवरा मला मारायचा. लग्नानंतर वर्षाच्या आतच सुरू झालं. तो चितेगावच्या एका कारखान्यात होता. भाजी अळणी झाली, उत्तराला उशीर झाला, काहीही कारण पुरायचं. आई दुधाला गेली की मारायचा. मी माहेरी सांगितलं, तर वडील म्हणाले, दिलं तिथंच नांदायचं. मग मी सांगणं बंद केलं.

एकदा आत्याबाई दूध घालून लवकर परत आली. माझा गाल सुजलेला होता. मी म्हटलं, गोठ्यात पाय घसरून पडले.

तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. म्हणाली, "गोठ्यात पडल्यावर शेण लागतं. तुला बोटं लागल्यात."

मग ती उंबऱ्यावर बसली आणि मला तिची स्वतःची गोष्ट सांगितली. तिचा नवराही मारायचा. त्या वेळी तिची सासू उठून दार लावून घ्यायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "मारणारा एक होता," ती म्हणाली, "पण दार लावणारी दुसरी होती. तिनं दार लावलं नसतं, तर त्याचा हात एवढा चालला नसता. मी दार लावणार नाय."

नवरा कामावरून आला तेव्हा दार सताड उघडं होतं. अंगणात चुलत सासरे बसलेले, शेजारची सुग्राबी उभी. आत्याबाईने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर खणानारळाने माझी ओटी भरली. म्हणाली, आजपासून ही माझी लेक, म्हणजे हा माझा जावई. आणि आमच्यात घरजावई ठेवायची रीत नाही. त्याचे कपडे तिने आधीच गाठोड्यात बांधून ठेवले होते.

तो हसला. मग त्याला कळलं की कुणीच हसत नाही. म्हणाला, कारखान्यात लई त्रास असतो, राग आवरत नाही.

"मुकादमावर राग येतो तवा हात उठतो का?" तिने विचारलं. "तिथं आवरतो ना? मंग तुमचा राग आंधळा नाय, जावईबापू. माणूस बघून येतो."

गाठोडं घेऊन तो चितेगावला गेला आणि कामावरच्या पोरांबरोबर खोलीत राहू लागला.

गावाला तोंडी लावायला विषय झाला. सुग्राबी तिच्या बोलीत चिडवायची, "अम्मा, बेटे को दामाद बना दिये, अब हुंडा भी देते क्या?" आत्याबाई म्हणायची, "देते ना, जूते का हुंडा." नणंद तर भांडायलाच आली. पोटच्या पोराला कुणी असं घराबाहेर काढतं का, सुनेने काय चारलं तुला, असं बरंच बोलली. आत्याबाईने तिला आधी जेवू घातलं. मग म्हणाली, "पोटचा हाये म्हणून तर हे माझं काम. दुसऱ्याच्या पोराला मी कशाला वळण लावत बसू? आन तुझ्या नवऱ्यानं तुला हाणलं तर मी काय करावं, ते आत्ताच सांगून ठेव." नणंदेच्या नवऱ्याच्या कानावर हे गेलं असणार, कारण तो पुढे आमच्या घरी आला की फार जपून बोलायचा.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, हे आमच्याकडे सगळ्या घरांत असतं. आत्याबाईने आपल्या मुलाला रीतसर आमंत्रण पाठवलं. त्याला वाटलं, आईचा राग उतरला. नवा सदरा घालून, केस चोपून आला.

तिने त्याचे पाय धुतले, टिळा लावला, पाटावर बसवलं. ताटात पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. चुलत सासरे, नणंद, तिचा नवरा पंगतीला, सुग्राबी दारात. त्याने पहिला घास मोडला.

"थांबा, जावईबापू," ती म्हणाली. "आमच्या लेकीला मारणार का नाय, तेवढं सांगा आन जेवा."

चुलत सासरे म्हणाले, वहिनी, भरल्या ताटावर नको, आधी जेवू द्या. ती म्हणाली, भरल्या ताटावर त्याने मला लाथ मारली होती, तेव्हा कुणी असं म्हणालं असतं तर बरं झालं असतं. ती त्यांच्याच थोरल्या भावाबद्दल बोलत होती.

"चुकलं माझं," नवरा म्हणाला.

"ते मागचं झालं. मी पुढचं विचारलं."

"नाय मारणार."

"मला नका सांगू. तिला सांगा."

त्याने माझ्याकडे बघून तेच म्हटलं. मला वाटलं, संपलं. पण तिने मला विचारलं, "तुला पटलं का? नाय पटलं तर सांग, ते जेवून बसनं जातील."

मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. स्थळ पसंत आहे का विचारलं नव्हतं, भाजी कोणती करायची हेही नाही. मी म्हटलं, "आज नाय पटलं. जेवून जाऊ द्या. पंचमीनंतर बघू."

आत्याबाईने त्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला आणि जेवण झाल्यावर त्याला बस दाखवली.

पंचमी गेली, दसरा गेला. तो सुट्टीला यायचा, पाहुण्यासारखा बसायचा, म्हशींना पाणी दाखवायचा, संध्याकाळी परत जायचा. मला पटलं तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या आता. ती म्हणाली, "लेकीच्या शब्दावर ठेवते हो, जावईबापू. माझ्या नव्हे." ती असेपर्यंत त्याने हात उचलला नाही.

नंतर गावातल्या बायका घरातल्या माराचं गाऱ्हाणं घेऊन तिच्याकडे यायच्या. सुना कमी, सासवाच जास्त. ती सगळ्यांना एकच विचारायची, "मार चालू असतो तवा तू कुठं असतीस?" काही जणी पुन्हा आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांच्या घरांतला मार थांबला, हे मला माहीत आहे. मी त्या घरांसमोरून मान ताठ ठेवून जाते, कारण मी तिची लेक आहे.

ती एका पावसाळ्यात गेली. चार दिवस तापाचं निमित्त झालं. लोक रडले, मीही रडले, पण मी त्याच्या हातांकडे बघत होते. तेराव्याचे पाहुणे गेले, घरात आम्ही दोघं उरलो. मी त्याला सरळ विचारलं, "आई गेली. आता काय?"

तो म्हणाला, "घर ती तुझ्या नावावर करून गेली. पण ते सोड. मी हात उचलला तर आता तूच मला बाहेर काढशील, हे मला ठाव हाये."

"ठाव हाये ते बरं हाये," मी म्हटलं आणि म्हशीची धार काढायला गेले.