सुलतानचं रेशन आणि मायची भाकर

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी सरहद्दीवर डॉग हँडलर होतो, हुद्दा नाईक. माझ्याकडे सुलतान होता. अल्सेशियन, सुरुंग हुंगणारा. 0530ला ग्रूमिंग, 0600ला ड्रिल, 1700ला जेवण.

दोन वर्षांचा होताच तो वाळायला लागला. खायचा मात्र दुप्पट. सुभेदारसाहेबांनी फॉल-इनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "नाईक, कुत्ते के हिस्से का गोश्त कौन खाता है?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शेवटी व्हेटर्नरी मेजरसाहेबांनी उलगडा केला. स्वादुपिंडात पाचक रसच तयार होत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही. अल्सेशियनच्या रक्तातलाच आजार. आईबाप धडधाकट असले तरी पिल्लात उतरतो.

शेरा पडला, अनफिट. म्हणजे कायमचं झोपवायचं इंजेक्शन. याच सुलताननं माझ्या पुढच्या पावलाखालचा सुरुंग दाखवला होता. माझी पेन्शन महिन्यावर आली होती.

"सर, मी घरी नेतो," मी मेजरसाहेबांना म्हणालो.

"खिलाओगे क्या?"

"ऑर्डर असेल ते, सर."

ऑर्डर अशी: बकऱ्याचं कच्चं स्वादुपिंड बारीक करून जेवणात कालवायचं, अर्धा तास ठेवायचं, दिवसातून दोनदा द्यायचं. दुसरं काही नाही. आमच्या गावच्या, बदनापूरच्या खाटकाला ते नावानं कळेना. रोज शेजारी बसून बोटानं दाखवायचो. दोन महिन्यांत सुलतानच्या अंगावर चकाकी आली. भूक मात्र तशीच.

आणि गल्ली बोलायची, "फौजी कुत्र्याला उपाशी मारून राह्यला." आमच्याकडे घरातली शेवटची भाकर कुत्र्याची. ज्याच्या दारात जाई, तो घाली. मी भिंतीवर खडूनं लिहिलं, 'कुत्र्याला काही देऊ नये.' ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ऐकलं नाही. माझ्या मायला वाचता येत नव्हतं. तिला तोंडानं शंभरदा सांगितलं.

एका दुपारी जालन्याहून परतलो. 1500. सुलतानचं पोट नगाऱ्यासारखं टणक. ओकारी येत होती, बाहेर काही पडत नव्हतं.

"माय, काय घातलं?"

"शेजारच्या लग्नातलं उरल्तं. टोपलंभर. लई भुकेला व्हता रे."

ट्रकवाल्याला हात केला, सुलतानला मांडीवर घेतलं. जालन्याच्या अलीकडेच त्यानं मान टाकली. 1610. जालन्याचे जनावरांचे डॉक्टर त्याला तपासून म्हणाले, आतड्याला पीळ पडला; या आजारात तो धोका असतोच.

परतताना मायला काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. बांधावर खड्डा खणला. सावधान उभा राहून सॅल्यूट केला. माय मागे रिकामं टोपलं घेऊन उभी होती.

"पोट भरल्तं ना रे त्याचं?"

"भरल्तं, माय."