शास्त्रीबुवांचं बटण

यज्ञेशला त्याच्या घरात कुणी कधी हुशार म्हटलं नाही, आणि पंचेचाळिशी आली तरी ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. लागणारच हो! काशीत संकठा घाटावरून वर चढलं की डाव्या हाताच्या गल्लीत हे घर, आणि घर कसलं, पिढ्यानपिढ्या वेद म्हणणाऱ्यांचं. आजोबा वेदपाठी, पणजोबा वेदपाठी. वडील वेणीमाधवशास्त्री तर असे, की महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेली माणसं त्यांचं पठण ऐकायला गाडीचं रिझर्वेशन बदलून थांबायची. अशा घरात यज्ञेशची मुंज झाली, संथा सुरू झाली, आणि मिसरूड फुटायच्या वेळी आवाज जो फुटला तो पुन्हा जुळलाच नाही. शास्त्रीबुवांनी एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं आणि मग त्याला संथेला बसवणंच बंद केलं. रागावले असते, थोबाडीत मारली असती तरी पोराला बरं वाटलं असतं.

मग काय, पोरगं पॉलिटेक्निकला गेलं, रेल्वेत सिग्नल खात्यात चिकटलं. झाशीच्या बकुळशी लग्न झालं. एक मुलगी, ईशानी, ती आता पुण्यात शिकते आणि फोनवर आईशी मराठी नि बापाशी हिंदी बोलते. एवढंच चरित्र. पण वडिलांच्या विद्येतली एक गोष्ट यज्ञेशच्या अंगात भिनली होती, ती म्हणजे पाठांतर. या घरात पोथी उघडून म्हणणं म्हणजे नामुष्की. "बघून तर कुणीही म्हणेल," शास्त्रीबुवा म्हणायचे, "पोथी गंगेत पडली की मग काय करशील?" यज्ञेशला सिग्नलच्या सगळ्या सर्किटांचे नकाशे तोंडपाठ होते. बरोबरीचे लोक ड्रॉइंग पसरून बसायचे आणि हा डोळे मिटून सांगायचा, अमुक तार तमुक रिलेला. त्याचा त्याला भारी अभिमान, आणि का नसावा? बापाकडून मिळालेलं तेवढंच तर होतं.

आई, आनंदीबाई, गेल्या आणि वर्षभरात शास्त्रीबुवांना आजारानं धरलं. मज्जातंतूंचा आजार. आधी बोटं गेली, मग कोपरापासून हात, मग पाय. डॉक्टरांनी सांगून टाकलं की हे वाढत जाणार, वाचाही जाणार, औषध नाही. ज्या माणसाचा आवाज घाटाच्या खालच्या पायरीवर ऐकू यायचा, त्याची वाचा! बकुळ पदरात तोंड घालून रडली. शास्त्रीबुवा रडले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी कुणाकडे काही मागणं सोडलं. पाणी दिलं तर पिणार. नाही दिलं तर पडून राहणार.

तेव्हा यज्ञेशनं ते बटण आणलं. आवाजावर चालणारं, भिंतीत बसवायचं. त्याची करामत अशी, की तुमचा शब्द तुमच्याच आवाजात तीनदा ऐकवायचा आणि मग ते फक्त तुमचं ऐकणार. "बाबा, कोणता शब्द ठेवायचा?" असं विचारल्यावर शास्त्रीबुवांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "अगं, दिवा!" बकुळ फस्सकन हसली. जन्मभर त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. तिन्हीसांजेला बैठकीतून आवाज यायचा तो हाच, आणि आनंदीबाई आतून पदराला हात पुसत यायच्या. आता त्या शब्दावर भिंतीतलं बटण टक् करायचं आणि दिवा लागायचा. पुन्हा म्हटलं की विझायचा.

आता तुम्ही म्हणाल, दिव्याचं एवढं काय? अहो, त्या गल्लीतल्या खोलीत भर दुपारी हात दिसत नाही. आणि दिव्यापेक्षाही मोठी गोष्ट होती. त्या घरात शास्त्रीबुवांच्या मर्जीनं होणारी ती एकच गोष्ट उरली होती. जेवण बकुळच्या वेळेला, आंघोळ यज्ञेशच्या ड्यूटीप्रमाणे, कूस बदलणं दुसऱ्याच्या हाती. दिवा मात्र त्यांचा. दिवसातून कितीदा लावायचे आणि विझवायचे त्याला सुमार नव्हता, आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. हळूहळू पाण्यासाठी, कुशीसाठीही ते पुन्हा हाक मारायला लागले.

वाचा खरंच उतरत गेली. 'अगं, दिवा'चं 'अअं, इवा' झालं, मग नुसतं घशातलं काहीतरी. बकुळ पाण्याचं भांडं घेऊन धावायची तेव्हा त्यांना कूस बदलायची असायची. यज्ञेश कूस बदलायचा तेव्हा त्यांना डास चावत असायचा. पण ते बटण मोठं गुणी. दर वेळी ऐकलेला आवाज ते आपल्या पोटात थोडाथोडा जमा करत जायचं, म्हणून आवाज बिघडत गेला तसतसं तेही त्याच्या मागोमाग गेलं. शेवटी अशी वेळ आली, की जगात शास्त्रीबुवांचं बोलणं कळणारं ते एकटं उरलं. पोटच्या पोराला कळत नव्हतं आणि भिंतीला कळत होतं.

आणि मग ते बटण बनवणारी कंपनी बुडाली. बटण दिल्लीच्या कुठल्याशा सर्व्हरला विचारल्याशिवाय चालू होत नसे, आणि सर्व्हरच बंद व्हायला लागला. गल्लीत बिजली जायची, परत यायची, आणि बटण निळं लुकलुकत उत्तराची वाट बघत बसायचं. तासन् तास. शास्त्रीबुवा घशातून हाक मारत राहायचे. यज्ञेशला ते बघवेना.

इंटरनेटवर या बटणासाठी लोकांनी फुकट फर्मवेअर लिहून ठेवलं होतं, म्हणजे बटणाच्या आतली विद्याच बदलायची. जुनी पुसायची, नवी लिहायची, मग कंपनीचं तोंड बघायला नको. यज्ञेशच्या घरात त्याच कंपनीची आणखी दोन बटणं होती, साधी, आवाज न ऐकणारी, बैठकीत आणि स्वयंपाकघरात. ती त्यानं आधी केली. इंटरनेटवरचं कृतीचं पान समोर ठेवून पहिलं केलं, दुसरं करताना पानाकडे एकदाच पाहिलं. दोन्ही झकास चालू झाली! त्या आठवड्यात तो गल्लीतून जरा छाती काढून चालला, हे बकुळनं पाहिलं होतं.

रविवारी दुपारी त्यानं वडिलांचं बटण भिंतीतून काढलं. खात्यातला त्याचा दोस्त विश्वजीत चहाला आला होता. तो म्हणाला, "अरे गुरू, पन्ना तो खोल लो." यज्ञेश हसला आणि म्हणाला, "पाठ आहे मला." आणि खरंच पाठ होतं, एक अक्षर चुकलं नाही. आधी सगळं पुसायचा हुकूम, मग नवं लिहायचा हुकूम. लॅपटॉपवर आकडे शंभरापर्यंत गेले, आणि पलंगावरून शास्त्रीबुवा डोळे लावून बघत होते. यज्ञेशला वाटलं, आज तरी यांना कळेल.

वीज जोडली. काही नाही. निळं नाही, लाल नाही, टक् नाही. बटण मेलं.

मग त्यानं पान उघडलं. आवाजाच्या बटणासाठी खाली वेगळा मजकूर होता. साध्या बटणांसाठी त्याची गरजच नव्हती, म्हणून त्यानं तो कधी वाचला नव्हता. या बटणात आवाजाची साठवण त्याच चिपमध्ये असते, तेव्हा आधी नक्कल काढून ठेवा आणि सगळं पुसायचा हुकूम अजिबात देऊ नका, असं तिथे जाड अक्षरात लिहिलं होतं. नवं लिहायची जागाही निराळी होती.

"बैकअप लिया था?" विश्वजीतनं विचारलं. यज्ञेशनं नाही म्हणून मान हलवली. विश्वजीत भला माणूस, चहा तसाच ठेवून उठला.

दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय म्हणायचं! पण माणूस इतक्या सहज हार मानत नाही. यज्ञेशनं मनाची समजूत घातली, की पुसलं म्हणजे सगळं थोडंच पुसलं असेल? कोपऱ्यात कुठेतरी काहीतरी उरलं असेल. ड्यूटीवरून आला की तो पडवीत टेबल मांडून बसायचा. बटणाचं पोट उघडलं, चिपच्या पायांना केसासारख्या तारा सोल्डर केल्या. एक पाय ग्राउंडच्या तारेला टेकवून धरायचा आणि त्याच क्षणी वीज द्यायची, म्हणजे मेलेली चिप नवं ऐकायला तयार होते. तार सुटायची, पुन्हा पहिल्यापासून. आता तो प्रत्येक ओळ पानावर बोट ठेवून वाचत होता. बकुळ दारातून म्हणायची, "अहो, दुसरं आणा ना बाजारातून." तो म्हणायचा, "दुसऱ्याला बाबा कळणार नाहीत गं."

एवढ्या दिवसांत शास्त्रीबुवांनी किती हाका मारल्या असतील कुणास ठाऊक. मारल्या की बकुळ जायची, दिवा लावायची. कधी त्यांना तो नकोच असायचा. तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी एकदाचं घोडं गंगेत न्हालं. चिप बोलली. नवं फर्मवेअर योग्य जागी उतरलं, हिरवा ठिपका लागला, बोटानं दाबल्यावर बटणानं टक् केलं आणि दिवा उजळला. यज्ञेश ओरडलाच, "बकुळ! जिवंत झालं!" बटण भिंतीत बसवलं, वडिलांच्या उशाशी गेला आणि म्हणाला, "बाबा, बोला."

शास्त्रीबुवांनी हाक मारली. दिवा हलला नाही. पुन्हा मारली. पुन्हा. यज्ञेशनं चिपची साठवण लॅपटॉपवर वाचून पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. सगळ्या वर्षांचा आवाज, बरा होता तेव्हाचा आणि बिघडत गेला तेव्हाचा, त्यातलं कणभरही राहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं पुसला होता, तोंडपाठ.

एकच वाट होती, पुन्हा शिकवायचं. बटण शिकायला ठेवलं. एकच शब्द तीनदा, तिन्ही वेळा सारखा, म्हणजे हिरवं. जरा वेगळा झाला तर लाल.

"बाबा, सावकाश. घाई नाही."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली, जशी संथेला बसताना घ्यायचे, आणि आवाज काढला. मग दुसरा. लाल. बकुळनं त्यांचे ओठ ओले केले. पुन्हा. लाल. एकदा 'अं' झालं, एकदा 'हां' झालं, एकदा नुसताच वारा. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. लाल. गुळण्या झाल्या, मधाचं बोट झालं, उशी उंच केली. संकठेच्या देवळात संध्याकाळची घंटा सुरू झाली म्हणून बकुळनं खिडकी लावून घेतली, कारण बटणाला तो आवाज चालला नसता. लाल. "अजून एकदा, बाबा," यज्ञेश म्हणत होता, "अगदी पहिल्यासारखा काढा," आणि म्हणता म्हणता त्याला आपली शरम वाटली. कुणाला सांगतोय आपण हे!

शास्त्रीबुवांनी तोंड मिटलं. बकुळनं चमचा ओठाला लावला तरी उघडलं नाही.

त्यानंतर त्यांनी हाक मारणंच थांबवलं. दिव्यासाठी नाही, पाण्यासाठी नाही, डासासाठीही नाही. बकुळ यायची-जायची, आपल्या अंदाजानं करायची. मग दोघांनी ठरवलं, दिवा लावूनच ठेवावा, म्हणजे प्रश्नच मिटला.

आज यज्ञेश ड्यूटीवरून आला, पाय धुतले आणि वडिलांच्या खोलीत डोकावला. दिवा लख्ख जळत होता. शास्त्रीबुवा जागे होते आणि डोळे घट्ट, अगदी सुरकुत्या पडेपर्यंत मिटून पडले होते. उजेड नको होता. किती वेळ नको होता देव जाणे, स्वयंपाकघरात बकुळला पत्ताही नव्हता. यज्ञेशनं घाईनं बटण दाबलं. अंधार झाला, आणि त्या अंधारात वडिलांनी सोडलेला श्वास त्यानं ऐकला.

तो पलंगाच्या कडेला बसला. बाबा, बरं वाटतंय का, अंधारच राहू देऊ का, काही हवंय का, असं सगळं त्याच्या ओठांवर आलं. पण त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर वडिलांनी कष्टानं तोंड उघडून उत्तर दिलं असतं, आणि ते त्याला कळलं नसतं.