मला न मिळालेले तीन शॉट

मागच्या रविवारी आमच्या कॉलनीच्या गोल्फ मैदानावर एका मोठ्या साहेबांनी मला हसत थँक्यू म्हटलं... आणि माझं डोकंच सणकलं. आठवडा होत आला, राग काही उतरला नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी थोडं समजावून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कायले एवढी तापून राहिली. भंडाऱ्याजवळ आमच्या कारखान्याची कॉलनी आहे, तिथे नऊ होलचं छोटं मैदान. धानाची कापणी आटोपून थंडी पडली की आमचा सीझन सुरू होतो. मोहाडीची पोरगी गोल्फ खेळते म्हणून माहेरी अजूनही हसतात, हसू देत.

गोल्फमध्ये ज्याला कमी शॉट लागले तो जिंकला, आणि त्यात हँडिकॅप असतो. म्हणजे कच्च्या खेळाडूला पक्क्याशी बरोबरीनं खेळता यावं म्हणून त्याच्या शॉटमधून काही शॉट वजा करायची सूट मिळते. ती नियमानंच मिळते, आणि आमच्या क्लबात एकदोन जण सोडले तर सगळेच घेतात... साहेब पण घेतात.

यंदा जिंकणाऱ्याला नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. क्लबातून एकच जण. मला जायचं होतं... खूप जायचं होतं, लपवत नाही. सेमीफायनलला समोर हे साहेब आले. ते माझ्यापेक्षा पक्के, म्हणून मला त्यांच्याकडून तीन शॉट मिळणार होते.

सुरुवातीलाच साहेब बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "यांना काय टेन्शन, यांच्या लोकांना सगळीकडे सवलत असतेच." चारपाच जण हसले. माझं आडनाव सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे 'यांचे लोक' कोण ते कुणाला विचारावं लागलं नाही. अंगाची लाही लाही झाली. पण खेळायचं होतं, सरळ पहिल्या होलकडे निघाले.

आता खरी गोम ऐका. तीन शॉट मिळतात, पण कुठल्या होलवर मिळणार ते कार्डावर ठरलेलं असतं. आमच्या समितीनं सरळ हिशेब केलेला... जो होल सगळ्यात कठीण तिथे पहिला शॉट. आणि आमच्याकडचे कठीण होल म्हणजे नाल्याकाठचे सात, आठ आणि नऊ. सगळे शेवटी.

दर महिन्याच्या स्पर्धेत यानं काही बिघडत नाही. तिथे सगळ्या शॉटची बेरीज करायची आणि सूट वजा करायची, कुठून का वजा होईना. पण समोरासमोरच्या मॅचमध्ये एकेक होल वेगळा जिंकायचा असतो. म्हणून तिथे सूट सगळ्या मैदानावर पसरून द्यायची असते, म्हणजे ती वेळेवर कामी येते. आमच्याकडे दोन्हीला तेच कार्ड.

दुसरा होल मी एका शॉटनं हरले. पाचवा पण एकाच शॉटनं. मधला एक आणि सहावा साहेबांनी चांगला खेळून घेतला, ते कबूल. बाकीचे बरोबरीत. सहाव्यानंतर मी चार होल मागे आणि उरले तीन... मॅच खतम. सातव्यापर्यंत पोचलोच नाही. सूट मिळाली म्हणून टोमणा खाल्ला आणि सूट तर हाती आलीच नाही. दोन आणि पाचवर एकेक शॉट असता तर ते दोन्ही होल बरोबरीत सुटले असते आणि मॅच चालू राहिली असती.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे न, खेळच तं आहे. असं आपल्याले ऑफिसातही आयकाच लागते." त्याला सवय झाली आहे... याचा मला जास्त राग आला.

बुधवारी समितीपुढे जाऊन उभी राहिले. आवाज चढला माझा, चढू दिला. क्लबचे कॅप्टन म्हणाले, मॅडम, हीच पद्धत आहे, पहिल्यापासून. मी नियम वाचून दाखवला. मॅच परत घ्या म्हटलं तर निकाल लागला आता, म्हणे. कार्डाचं बघू.

आणि बघितलं की हो त्यांनी... चारच दिवसांत. रविवारी फायनल होती. साहेबांसमोर आमचा सुजित, क्लबातला सगळ्यात पक्का खेळाडू. आता साहेबांना सुजितकडून तीन शॉट मिळणार होते. सकाळी गेले तर बोर्डावर नवं कार्ड. पहिला शॉट दोनवर, मग पाच, मग आठ. मी सांगितलं होतं, अगदी तसंच.

साहेबांनी ते तिन्ही होल सुटीच्या जोरावर वाचवले आणि शेवटच्या होलवर मॅच जिंकली. टाळ्या पडल्या. सवलतीचा स कोणाच्या तोंडातून निघाला नाही. साहेब सरळ माझ्याकडे आले, "तुम्ही मुद्दा काढला म्हणून बरं झालं हो, थँक्यू." त्या माणसाला खरंच कळलं नव्हतं आपण काय बोलतो आहोत ते. मी म्हटलं, "सर, सेमीफायनलच्या दिवशी हेच कार्ड असतं तर?" ते घड्याळ बघत निघून गेले.

सुजित हरूनही माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "मॅडम, पह्यले तुमची मॅच परत व्हाले पायजे होती. मी कॅप्टनले तसं बोलून आलो." काही बदललं नाही त्यानं. पण सगळ्या मैदानात बोलला तो एकटाच, त्याचे आभार इथे सगळ्यांसमोर मानते.

साहेब नागपूरला जाणार. कार्ड आता कायमचं नवीन झालं आहे, पुढे जो कोणी कच्चा खेळाडू येईल त्याला त्याचे शॉट वेळेवर मिळतील. मी भांडले म्हणून ते सगळ्यांना मिळाले... फक्त मला सोडून.