चार वाजेपर्यंत

माझ्याच अक्षरातलं वाचून दाखवलं आणि माझ्या आईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

दादरचा हॉल. पांढऱ्या सतरंज्या, उदबत्तीचा वास, शंभरेक माणसं. मी तेरा वर्षांची, पहिल्या रांगेत. ताईसाहेब माझ्या वहीतून वाचत होत्या.

"'मंगळवारी आई घोडपदेवला गेली आणि आजीला पेज देऊन आली. मला म्हणाली, भाजी आणायला गेले होते.'"

चष्मा काढून त्यांनी आईच्या पाठीकडे पाहिलं.

"पोटच्या पोरीशी खोटं. चाळीतल्या घरांत हे रक्तातच असतं. पोरगी तुमच्यावर गेली नाही, हेच नशीब."

लोक हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना मी तुम्हाला चांगली वाटायला लागेन.

आईच्या ब्लाउजची पाठीवरची शिवण उसवली होती. तिथे सेफ्टी पिन होती. ती पिन मला अजून दिसते.

आम्ही या लोकांत गेलो ते बाबांमुळे. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली, आजोबांना गिरणीच्या काळात मिळालेली. बाबा टॅक्सी चालवायचे आणि प्यायचे. आई परळला दोन घरांत जेवण करायची. बाबा मारायचे तेव्हा आई आवाज करायची नाही. मी शाळेत झोपायचे, घरी जागी असायचे. मग टॅक्सीतल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना ताईसाहेबांच्या गुरुवारच्या सभेला नेलं. तीन महिन्यांत दारू सुटली. खोटं का बोलू? सुटली. त्यानंतर एक थेंब नाही. ताईसाहेब आमच्यासाठी देव झाल्या त्या इथे.

स्वतःला ते 'परिवार' म्हणायचे. बाहेरच्यांशी संबंध कमी करायचे, हा पहिला नियम. शेजारी तुटले. मग नातेवाईक. आजी आणि मामा घोडपदेवला राहायचे, आमच्याकडून चालत पंचवीस मिनिटं. पण ते परिवारात आले नाहीत, म्हणून ते बाहेरचे. दुसरा नियम दोषवहीचा. घरातल्यांचे दोष मुलांनी लिहायचे, कारण मुलं खोटं लिहीत नाहीत. माझं अक्षर चांगलं होतं. मला दर गुरुवारी सगळ्यांसमोर खडीसाखर मिळायची. शाळेत माझं नाव कुणी घेत नव्हतं. इथे घेत होते.

आणि तिसरा नियम. ज्याचा दोष मोठा, त्याला मौन लागायचं. म्हणजे त्याने गप्प बसायचं असं नाही. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही. एकवीस दिवस.

आईला मौन लागलं.

दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसं, आणि त्यातल्या एकीशी दोघं बोलत नाहीत. ती विचारायची, "भात वाढू?" आम्ही ताट पुढे करायचो. चार-पाच दिवसांनी ती प्रश्न विचारायची थांबली. मग भांड्यांशी पुटपुटायला लागली.

अकराव्या दिवशी मामा आला. सकाळी, आई कामाला गेलेली. तो आत आला नाही. गॅलरीत उभा राहिला, मी तांब्या दिला, तो घटाघट प्याला.

"आई गेली, भावजी," तो बाबांना म्हणाला. "पहाटे. ताईला पाठवा. चार वाजेपर्यंत ठेवतो. त्याच्यापुढे नाही ठेवता येणार."

"पाठवतो," बाबा म्हणाले.

मामा गेला. बाबांनी ताईसाहेबांना फोन लावला. ऐकत राहिले, मान हलवत राहिले. फोन ठेवला आणि टॅक्सीची किल्ली उचलली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नियम कुणाच्या मरणासाठी वाकत नाही. तुझीही परीक्षा आहे."

दीड वाजता आई आली. चपला काढताना तिला उंबऱ्याबाहेरचा तांब्या दिसला. परिवाराबाहेरच्याला पाणी दिलं की तांब्या बाहेर राहायचा. आई घाबरली की मालवणीवर यायची.

"कोण इल्लो गो?"

मी पुस्तक उघडलं.

"सांग ना गो. कोण इल्लो?"

मी पान उलटलं. तिने तांब्या आत घेतला, घासला, आणि मेथी निवडायला बसली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. अडीच. तीन. सव्वातीनला ती म्हणाली, "मेथीत आज माती फार आहे." भिंतीला म्हणाली. साडेतीनला मला वाटलं, अजून पोचेल, धावली तर पोचेल. तोंड उघडलंसुद्धा. मग गुरुवार आठवला. खडीसाखर आठवली.

चार वाजले. ती देठं केरात टाकत होती.

गुरुवारी मी ते वहीत लिहिलं. 'आजी वारली तरी मी आईशी बोलले नाही.' टाळ्या वाजल्या. आई त्या हॉलमध्ये नव्हती. मौन लागलेल्याला आत घेत नसत, ती खाली चपलांपाशी बसलेली.

एकविसाव्या दिवशी बाबांनी तिला सांगितलं. "तुझी आई गेली. दहा दिवस झाले."

आई भाकरी करत होती. तिने एकच विचारलं. "पोरीला माहीत होतं?"

"होतं."

तिने भाकरी उलटली. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती घोडपदेवला गेली. मामाने दार उघडलं नाही. त्याला वाटलं, निरोप पोचूनही ही आली नाही. चार वाजेपर्यंत तिच्यासाठी थांबले होते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. बाबांनी नाही. मी नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी तिथे जात होते. आठ वर्षं. कॉलेजात एकदा प्रोफेसर 'कल्ट' म्हणजे काय ते सांगत होत्या. मी वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, हे कुठल्या तरी दुसऱ्या देशातलं. जंगलात राहणारी, बंदुका घेतलेली माणसं. ताईसाहेब तर सुती साडी नेसायच्या, बिनसाखरेचा चहा प्यायच्या. पण बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'आपल्या माणसांपासून तोडतात', आणि मला तांब्या आठवला. तरी त्या गुरुवारी मी गेलेच.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली. निकालाच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत होती म्हणून एक सभा चुकली. पुढच्या गुरुवारी ताईसाहेबांनी मला उभं केलं.

"पदवी मिळाली. छान. पण ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक येतं ना, त्यांच्या ते डोक्यात जातं. तुमच्या लोकांना हे पचायला अजून दोन पिढ्या लागतील."

मला मौन लागलं. एकवीस दिवस.

आम्ही तिघं घरी आलो. बाबा पेपर घेऊन बसले, मी त्या खोलीत नाहीच असे. आईने पीठ मळलं, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"जेवतंस?"

"आई, मला मौन आहे."

"माहीत आसा माका."

बाबांनी पेपर खाली केला. "अगं, काय करतेस?"

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"त्या दिवशी तांब्यो बाहेर होतो," ती मला म्हणाली. "कोण इल्लो गो?"

आठ वर्षांनी तोच प्रश्न. तोच आवाज.

"मामा."

"काय म्हणालो?"

बाबा उठून उभे राहिले. मी सांगितलं.

"ताईला पाठवा म्हणाला. चार वाजेपर्यंत ठेवतो म्हणाला. तू दीडला आली होतीस, आई."

ती घड्याळाकडे बघत राहिली. तेच घड्याळ. मोठ्याने रडली नाही. फक्त म्हणाली, "मी मेथी निवडत होतंय."

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी दादरला गेलो. मौन असताना आत जायचं नसतं. आम्ही गेलो. मी पहिल्या रांगेपुढे उभी राहिले आणि माझी वही उघडली.

"खाली जा," ताईसाहेब म्हणाल्या.

"दोष वाचायचाय. माझा आहे."

मी सगळं वाचलं. तांब्या, मेथी, चार वाजता. मग विचारलं, "फोनवर तुम्ही माझ्या बाबांना काय सांगितलंत, ते या सगळ्यांना सांगा."

त्या डोळे मिटून जप करायला लागल्या. मग सगळा हॉल जप करायला लागला. बाबासुद्धा. त्या आवाजात आई मागून सरळ चालत आली, भिंतीकडे नाही, ताईसाहेबांकडे तोंड करून उभी राहिली, आणि म्हणाली, "माझी आई होती ती." एवढंच. आम्ही बाहेर पडलो.

आमच्या दोघींवर आता कायमचं मौन आहे. बाबा अजून दर गुरुवारी जातात. त्याच खोलीत राहतात, आमच्याशी बोलत नाहीत, दारूला शिवत नाहीत. आईने मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही. विचारणार नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क मी तेराव्या वर्षी घालवला. मेथी आमच्या घरात येत नाही.

वही मी जाळली नाही. कपाटात आहे. परिवारात जाऊ पाहणारं कुणी म्हणालं की ते लोक असं काही करत नाहीत, तर मी त्याला माझं अक्षर दाखवते.

मी नोकरी करते. मामाने तिसऱ्या खेपेला दार उघडलं, आणि आई आजीच्या फोटोसमोर बसून आली. चार वाजेपर्यंत बसली, मग उठली. आणि आमच्या दारात आता कुणीही आलं, की आई घरी येताच मी तिला सांगते. कोण आलं होतं, काय म्हणालं, किती वाजता. ती विचारायच्या आधी.