दुप्पट भाकरीची सहल

मी एकदा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अख्ख्या तरुण संघाला उपाशीपोटी मेजवानीला नेलं होतं. त्या मूर्खपणाचं अर्धं श्रेय मात्र आमच्या पाळकसाहेबांच्या मेव्हण्यांना द्यायला हवं. गुपित राखण्याची एवढी हौस आणि ते राखण्याची एवढी अक्कलशून्यता एकाच देहात देवानं पुन्हा काही घातली नसेल.

ते मूळचे साताऱ्याचे. बहिणीकडे सांगलीला आले ते राहिलेच. पाळकांची मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून सगळी मंडळीही मामाच म्हणे. लढाईचे दिवस. साखरेला रेशन, रॉकेलला रेशन, मामांच्या उत्साहाला तेवढं नव्हतं. ते आम्हा तरुणांच्या सहली काढत आणि ठिकाण कुणालाही सांगत नसत. "आधी कळलं तर ती सहल कसली, तो बाजारहाट," असं त्यांचं म्हणणं. हरिपूरला संगमावर जायचं असलं तरी आम्हाला चकवायला आधी मिरजेच्या रस्त्याला लावत. एकदा ऐन मे महिन्यात त्यांनी कानटोप्या आणायला लावल्या, आणि त्या काखोटीला मारून आम्ही दंडोबाचा डोंगर चढलो. निदान मुलींच्या आयांना तरी दिशा सांगा, असं एका काकूंनी विनवलं. मामांनी सांगितली, तीही चुकीची.

पण शनिवारी बाजाच्या पेटीवर गाणी बसवताना मामा उघडे पडत. नदीवर जायचं असलं की यार्देन नदीचं गीत, डोंगर असला की खडकाचं. हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तेव्हा नुकती मॅट्रिक झालेली आणि स्वतःच्या हुशारीवर स्वतःच लुब्ध.

एका शनिवारी मामांनी मेजवानीचं गीत पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं आणि जाताना बजावलं, प्रत्येकानं दुप्पट भाकरी आणा. ही कानटोप्यांचीच गत, मी सगळ्यांना समजावलं. जेवण तिकडंच आहे, भाकरी घरी ठेवा, सकाळी खाऊसुद्धा नका. सगळ्यांनी माझं ऐकलं.

छोट्या रुळांच्या आगगाडीनं आम्ही कवठे महांकाळच्या बाजूला गेलो. माळावरच्या एका खोपटात एक म्हाताऱ्या बायबलबाई एकट्या राहत. जन्मभर गावोगाव शुभवर्तमान सांगत हिंडलेल्या. त्या साली तिकडं पीक बुडालेलं, बाईंचे डबे तळाला गेलेले; पण कुणी ज्वारी धाडली की त्या आल्या पावली परत पाठवत. म्हणून आमच्या भाकरी बरोबर बसून खायच्या आणि जास्तीच्या 'उरल्या' म्हणून तिथंच ठेवायच्या, असा मामांचा बेत. त्यांनी भाकरी काढायला सांगितल्या, तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले. जगाला चकवत आलेला तो माणूस स्वतः चकित झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बाई उठल्या. होतं नव्हतं तेवढं पीठ परातीत ओतून भाकऱ्या थापू लागल्या. आम्ही लाजेनं कमी खायचं ठरवलं होतं; पण त्या वयात लाज पोटापुढं टिकत नाही, हात पुढं होतच गेले.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मामांनी माझ्या हातात पिठाची पिशवी दिली आणि आयुष्यात प्रथमच, कुठं जायचं ते सरळ सांगून टाकलं. बाई दान घेत नसत. पण आम्ही खाल्लेल्या पिठाची परतफेड नाकारणं त्यांनाही जमणार नव्हतं. पिशवी चांगली दुप्पट भरलेली होती.

मामा जाऊन आता किती वर्षं झाली. आम्ही दोघं पिशवी पोचवायला गेलो त्या दिवशी ते खोपटाबाहेर, दुसरीकडंच बघत उभे होते. बाईंनी पिशवी उचलून वजन जोखलं, दारातून मामांच्या पाठीकडे पाहिलं आणि त्या मला म्हणाल्या, "ठिव तिथं. पन पुढल्या खेपेला बी असंच उपाशी या, पोरी. लय दिसांनी माज्या हातची भाकर कुनीतरी मागून खाल्ली."